आधी घरामागचा तलाव, मग भिगवण: ऋतूंप्रमाणे पक्षी पाहण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्षापासून पक्षी पाहतोय. घरामागे पाझर तलाव आहे, तिथे अधूनमधून चक्कर असते. ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टी काढून भिगवणला गेलो, तर रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत, बदकं सगळी एकसारखी तपकिरी, आणि काठाने पळणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकी एकाचंही नाव खात्रीने सांगता येईना. आजवर पाहिलेल्या जातींची यादी ९४ वर अडकली आहे. आता ठिकाण बदलू, दुर्बीण बदलू की कॅमेरा घेऊ?

तिन्हीपैकी काही नको, निदान आत्ता तरी. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. भिगवणला गेलात ती तारीख चुकली, ही एक. ही अडचण सोपी आहे. दुसरी अडचण त्या ‘अधूनमधून’ शब्दात आहे. घरामागच्या तलावावर कोण कधी येतं, आल्याआल्या कसं दिसतं आणि जाताना कसं दिसतं, हे डोळ्यांत बसलेलं नसलं की मोठ्या पाणथळीवर पन्नास जाती एकदम समोर येतात आणि हाताशी तुलनेला काहीच नसतं. ही सुटायला एक पूर्ण वर्ष लागतं. पण ते वर्ष घराजवळच घालवायचं आहे, त्यामुळे खर्च काही नाही.

आधी तारखेचं. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पावसाळा चांगला झाला की ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं, पाणी थेट शेतांच्या बांधाला आणि बाभळींच्या बुंध्यांना लागलेलं असतं. चिखलाचे पट्टे सगळे खाली बुडालेले. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून उथळ पाणी आणि गाळ गाळून खातो. त्याला उभं राहायला उथळ जागा लागते आणि ती अजून उघडी पडलेलीच नसते. रब्बीसाठी कालव्याची आवर्तनं सुटू लागली की पाणी उतरतं, दर आठवड्याला चिखलाची एक नवी कड उघडी पडते, आणि पक्षी त्या कडेमागोमाग सरकत जातात. म्हणून भरलेल्या वर्षात फेब्रुवारी-मार्च चांगला जातो. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी तेच चित्र दोनेक महिने आधी दिसू शकतं. तेव्हा ‘भिगवणला कुठल्या महिन्यात जाऊ’ याचं कायमचं उत्तर नाही. जलसंपदा विभाग धरणांचा रोजचा साठा जाहीर करतो. तो बघायचा, आणि उतार लागून तीन-चार आठवडे झाले की निघायचं. जायकवाडीच्या नाथसागरालाही हाच हिशेब लावतो. नांदूर मध्यमेश्वरचं थोडं वेगळं आहे. तिथला बंधारा गाळाने बराच उथळ झालेला असल्यामुळे बदकं आणि पाणकोंबड्या नोव्हेंबरातही निराश करत नाहीत.

पाण्याची खोली हा पाणपक्ष्यांचा पत्ताच म्हणायचा. छोट्या टिलव्याची चोच जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटर, त्यामुळे तो ओल्या चिखलावर आणि नखभर पाण्यात. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची चोच आठ ते बारा सेंटिमीटर, तो पोटापर्यंत पाण्यात उतरून खोल टोचतो. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि लांब मानेने तळाचं खातं. थापट्या पृष्ठभागावरच चोच फिरवत पोहतो. पाणी उतरलं की कोण कुठे उभा आहे यावरून निम्मी छाननी दुर्बीण लावायच्या आधीच होते.

आता तपकिरी बदकांबद्दल. तुमची नजर बरोबर होती, बदकं खरंच तपकिरी होती. स्थलांतर करून येणाऱ्या बदकांचे नर विणीनंतर पिसं झडवतात आणि काही काळ मादीसारखा मळकट पोशाख घालतात. ऑक्टोबरात आलेल्या थव्यात बरेच नर अजून याच अवस्थेत असतात. थापट्या, तलवार आणि चक्रांग नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी रंगतात. भुवई बदकाचा नर मात्र फार रेंगाळतो. त्याची ती पांढरी शुभ्र भुवई अनेकदा जानेवारी उलटल्यावर नीट दिसते, त्यामुळे डिसेंबरात ‘भुवई नसलेलं भुवई बदक’ दिसलं तर नवल नाही.

अशा वेळी रंग सोडून द्या, चोच आणि बांधा बघा. चोच टोकाला फावड्यासारखी रुंद, डोकं जड आणि पाण्याकडे झुकलेलं, तो थापट्या. नर असो की मादी. मान बारीक लांब, चोच राखाडी, शेपटी टोकदार, ते तलवार. आकाराने लहान आणि चेहऱ्यावर दोन गडद आडव्या पट्ट्या, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, ते भुवई. तितकंच लहान, पण चेहरा सपाट आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ, ते चक्रांग. एवढ्या चार खुणा ऑक्टोबरातल्या तपकिरी थव्यांना बहुतेक वेळा पुरतात. आणि चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, ते हळदी-कुंकू बदक. ते इथलंच आहे आणि बारा महिने असतं.

काठाने पळणारे छोटे पक्षी, हा खरा गाभा. नवख्याची यादी बहुधा इथेच अडते, आणि त्याचं कारण पुस्तकातली चित्रं हे आहे. चित्रात सगळे पक्षी एकाच आकाराचे, शेजारी शेजारी आणि ऐन विणीच्या रंगात असतात. आपल्याकडे ते ऑगस्ट ते एप्रिल असतात, म्हणजे बहुतेक काळ साध्या राखाडी-तपकिरी पोशाखात. म्हणून सगळे एकदम शिकायच्या फंदात पडू नका. पहिल्या हंगामात फक्त तीन तुताऱ्या (काठाने टिपत फिरणारे सँडपायपर) पक्क्या करा. तिन्ही तुमच्या पाझर तलावावर येण्याची चांगली शक्यता आहे.

तुतवार, म्हणजे साधी तुतारी. हिची खूण खांद्यापाशी. छातीचा तपकिरी भाग आणि मिटलेला पंख यांच्या मधून पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला दिसतो. मागचं अंग सतत वरखाली हलत असतं. मिटलेल्या पंखांच्या मागे शेपूट चांगलीच बाहेर येते, त्यामुळे बांधा मागून लांबट वाटतो. उडाली की पाण्याला जवळजवळ चिकटून, पंख ताठ धरून झटके देत जाते, आणि पंखावर पांढरी पट्टी उमटते. आवाज बारीक, ‘टी-टी-टी’.

हिरवी तुतारी नावाला हिरवी. लांबून ती काळी-पांढरीच वाटते. पाठ गडद, ठिपके इतके बारीक की असून नसल्यासारखे. पांढरी भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंत येऊन थांबते, डोळ्यामागे जात नाही. बहुधा एकटी, आणि डबक्यात, ओढ्याच्या कडेला, विहिरीच्या सांडपाण्यापाशी, कुठेही. दचकली की ‘ट्लुईट-वीट-वीट’ असं मोठ्याने ओरडत सरळ वर चढते. तेव्हा पंखांची खालची बाजू काळी आणि कंबर लख्ख पांढरी दिसते. एखाद्या मोठ्या पाकोळीसारखी वाटते.

ठिपकेवाली तुतारी हिरवीपेक्षा सडपातळ, पाय लांब आणि पिवळसर. पाठीवर ठळक चौकडीदार ठिपके. भुवई डोळ्याच्या मागेही लांबवर जाते. भातखाचरात, चिखलाच्या मोकळ्या पसाऱ्यावर पाच-दहाच्या गटाने असते. पंखांची खालची बाजू फिकट. उडताना ‘चिफ-इफ-इफ’.

या तिघींत चुकायला होतं ते हिरवी आणि ठिपकेवाली यांच्यात, आणि तेही त्या स्थिर उभ्या असताना, समोरून ऊन येत असेल तर. तेव्हा भुवई बघा, मग पायांचा रंग, आणि उडाल्यावर पंखाची खालची बाजू. तिन्ही खुणा जुळल्या तरच नाव लिहा. दोनच जुळल्या तर वहीत ‘तुतारी, जात अनिश्चित’ असं लिहायचं. ही लाजायची गोष्ट नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही अशा नोंदीची सोय आहे. उलट अशी एकही नोंद नसलेली वही पाहिली की मला शंका येते.

आता घरामागचा तलाव. दर आठ-दहा दिवसांनी एकदा, सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांच्या आत सुरुवात, एक तास, नेहमी त्याच वाटेने. तीन थांबे ठरवून ठेवा: एक मोकळ्या पाण्यासमोर, एक गवत किंवा पाणकणसांच्या कडेला, एक बांधावरच्या झाडांपाशी. प्रत्येक ठिकाणी किमान दहा मिनिटं हलायचं नाही. पहिली तीन-चार मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, कारण तुमच्या येण्याने दबलेले पक्षी तेव्हा गप्प असतात. वटवटे, शंकर (ब्लूथ्रोट) आणि पाणकोंबडीची पिल्लं त्यानंतर बाहेर येतात.

वहीत तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, आभाळ, आणि पाण्याची पातळी. पातळीसाठी एखादा ठरावीक दगड किंवा खुंट धरा, ‘दगड अर्धा बुडालेला’ एवढंही पुरतं. मग प्रत्येक जात आकड्यासह. चिमण्या, साळुंक्या, कावळेसुद्धा. नवीन पक्षी तेवढेच लिहायची सवय सगळ्यात घातक, कारण त्या वहीतून कोण गेलं हे कधीच कळत नाही. ‘२३ फेब्रुवारी, पांढरा धोबी शून्य, मागच्या वेळी ६’ ही नोंद मला एखाद्या दुर्मीळ पक्ष्यापेक्षा मोलाची वाटते.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा, आणि मग त्या मापाने पुढे सरका. शंभर झाले की तेच मोठं माप. घाईत आपण साधारणपणे कमीच मोजतो, कारण मागच्या रांगा पुढच्यांच्या आड असतात. उडून पुन्हा बसलेला थवा दोनदा मोजला जातो, हा दुसरा ठरलेला घोटाळा. त्यासाठी एका टोकाकडून सुरुवात करायची आणि मध्ये थवा उठला तर मोजणी टाकून पुन्हा पहिल्यापासून. वारकरी (कूट) या पाणपक्ष्याचे थवे सरावाला उत्तम. काळे, संथ, कपाळावर पांढरा टिळा, आणि कितीही मोजा, शांत बसतात. (काही भागांत यालाच चांदवा म्हणतात. गावोगावची नावं बदलतात, म्हणून नोंद करताना प्रमाण नाव सोबत लिहावं.)

ओळख पटवण्याचा माझा क्रम असा: आधी आकार, तोही चिमणी, साळुंकी, कावळा, घार या चौघांशी तुलना करून. मग बांधा आणि चोच. मग काय करतोय. त्यानंतर खुणा, आणि रंग सगळ्यात शेवटी, कारण कोवळ्या उन्हात पांढरा बगळाही पिवळसर दिसतो. आवाजावरून नाव सांगणारी मर्लिनसारखी ॲप वापरा, पण त्यांनी दाखवलेलं नाव हा अंदाज समजा. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, आणि जंगलात भृंगराज तर एकटाच पाच-सहा पक्ष्यांचे आवाज काढून मोकळा होतो. आवाज आला त्या दिशेला पक्षी दिसेपर्यंत नोंद नको.

असं वर्षभर केलं की तुमच्या तलावाचं स्वतःचं पंचांग तयार होतं. साधारण चित्र सांगतो, पण तुमच्या जिल्ह्यात आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतील. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असतानाच, हिरवी तुतारी आणि तुतवार हजर होतात. हिवाळी पाहुणे हिवाळ्यात येतात ही समजूत इथेच मोडते. सप्टेंबरात धोबी, माळभिंगऱ्या, भोरड्या. सप्टेंबर-ऑक्टोबर हा वाटसरूंचा काळ, युरोपीय नीलपंखासारखे पक्षी आफ्रिकेकडे जाताना चार-दोन दिवस तारांवर टेकतात आणि निघून जातात. ऑक्टोबरात थिरथिरा, शंकर, गप्पीदास, माळावर भोवत्ये (हॅरियर हे शिकारी पक्षी). बदकं ऑक्टोबरअखेरपासून, पट्टकदंब हे हंस त्यांच्याही मागून. नोव्हेंबरात डोंगरावर असाल तर आभाळाकडे लक्ष ठेवा. ईशान्येकडून निघालेले अमूर ससाणे याच सुमारास भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. फेब्रुवारीत पळस, पांगारा, काटेसावर फुलले की भोरड्यांचे गोंगाटी थवे त्या झाडांवर. मार्चमध्ये बदकं तलाव रिकामा करून जातात. एप्रिलकडे दुर्लक्ष होतं, आणि ते चूक आहे. उरलेले चिखलपक्षी, म्हणजे तुताऱ्या-टिलव्यांसारखे काठाचे पक्षी, याच वेळी विणीचे रंग चढवतात. पुस्तकातली ती चित्रं प्रत्यक्ष बघायची तर हेच तीन-चार आठवडे. मेअखेर ते जूनमध्ये पावसाच्या पुढेमागे आफ्रिकेतून चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. नवरंगही याच दिवसांत. मग पावसाळ्यात वंचकाच्या पाठीवर गडद लालसर पिसं, गायबगळा केशरी, सुगरणीचा नर पिवळाधम्मक. जुलैत ‘काही पक्षी नाहीत’ म्हणून घरी बसणाऱ्याच्या वहीत इथल्या पक्ष्यांची वीण कधीच येत नाही.

थोडक्यात आतापर्यंतचं: पाणी उतरल्यावर मोठ्या पाणथळी, ऑक्टोबरात बदकं चोचीवरून, पहिल्या हंगामात तीनच तुताऱ्या, आणि घरचा तलाव वर्षभर आकड्यांसह. आता प्रवासाकडे येतो.

प्रवासात ठिकाणाच्या नावापेक्षा अधिवास आणि घड्याळ यांना जास्त वजन द्यावं. सगळ्यात स्पष्ट उदाहरण खाडीचं. ठाणे खाडीत (२०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) रोहित साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतात, तरी दिवसातली वेळ चुकली तर हात हलवत परत यायची पाळी येते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब कडेला गुलाबी रेघेसारखे दिसतात. पाणी चढत असताना ते स्वतःच काठाकडे ढकलले जातात. भरतीआधीचे दोन-तीन तास आपले.

भरतीची वेळ कोकणातल्या जुन्या हिशेबाने काढता येते: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास फरक धरा, खाडीत आत जाल तसा उशीर वाढतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावीच, पण महिनाभर आधी सुट्टी ठरवायला हा हिशेब पुरतो. याला प्रकाशाची जोड द्या. शिवडीचा किनारा खाडीच्या पश्चिमेला, तिथून सकाळी सूर्य थेट डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे आकार. तिथे दुपारनंतर जायचं, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास भरती असलेली अष्टमी बरी. भांगाची (कमी चढउताराची) भरती असल्यामुळे पाणीही सावकाश चढतं. ऐरोलीची बाजू पूर्वेला, तिथे सकाळचं ऊन पाठीशी, म्हणून नऊ-पावणेदहाची भरती देणारी द्वादशी-त्रयोदशी. कुठल्याही तलावाला हाच नियम: सकाळी पूर्व काठावर, संध्याकाळी पश्चिम काठावर उभं राहा. निम्मे ‘ओळखता न आलेले’ पक्षी केवळ उलट्या काठावर उभं राहिल्यामुळे असतात.

भिगवणला होडीतून जाल तेव्हा नावाड्याला आधीच सांगा: थव्याच्या दिशेने सरळ नको, तिरकं जायचं, आणि लांबूनच इंजिन बंद करून बाकी अंतर वल्ह्याने. थव्यातल्या माना एकदम वर झाल्या की थांबायची खूण. पक्षी पाठ फिरवून चालू लागले की मागे फिरायची. उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी मुद्दाम उठवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. शेकडो पक्ष्यांचं खाणं त्यात मोडतं, आणि मार्चमध्ये तर ते हजारो किलोमीटरच्या परतीसाठी चरबी साठवत असतात.

सह्याद्रीच्या जंगलात घाई उलटी पडते. हिवाळ्यात दऱ्यांमध्ये ऊन उशिरा पोहोचतं आणि किडे त्यानंतर हलतात, म्हणून साडेसात ते दहा ही वेळ पहाटेपेक्षा चांगली. तिथे पक्षी मिश्र थव्याने फिरतात. अर्धा तास शुकशुकाट, मग पाच मिनिटांत पंधरा जाती डोक्यावरून. थव्यामागे धावू नका. तो कुठल्या बाजूला सरकतोय ते बघून वीस-तीस पावलं पुढे जाऊन उभं राहा. एप्रिल-मेमध्ये चालणंच सोडा, ओढ्यातल्या उरलेल्या डोहापासून पंचवीसेक पावलांवर सावलीत दोन तास बसा. पाणी कमी असल्यामुळे पक्षी तुमच्याकडे येतात. पाऊस सुरू झाल्यावर पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ आणि सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात नवरंगाची दोन सुरांची हाक, या दोन्ही आधी कानाने शोधायच्या.

माळरानावर हिवाळ्यात सूर्यास्ताआधी पाऊण तास पोहोचा. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवर एकत्र बसतात आणि तिन्हीसांजेला चारी बाजूंनी खालून तरंगत येतात. गाडीतून किंवा रस्त्यावरूनच पाहा. मार्च ते ऑगस्ट गवतात आणि मोकळ्या मुरमाडावर पाय टाकताना जास्त जपा. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत असं समजून आल्या वाटेने मागे जायचं. घरट्यांना धक्का लावणं, अंडी उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहेच. पण नुसतं जवळ उभं राहणंही कावळ्यांना ठिकाण दाखवण्यासारखं आहे. मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात नर सगळं सोडून प्रतिस्पर्धी शोधत बसतो.

दुर्बीण. तुमच्याकडे कोणती आहे ते लिहिलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगतो. पाणथळ आणि जंगल दोन्हीसाठी ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर येतात, तेवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. १०×४२ मध्ये तो ४.२ उरतो, चित्र हातात जास्त हलतं आणि दृश्य अरुंद होतं. मोठ्या जलाशयासाठी दहापट उपयोगी, पण एकच घ्यायची तर आठपट. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या कडा आत दाबून वापरा.

बदलण्याआधी जी आहे ती नीट लावली आहे का बघा, कारण बऱ्याच ‘खराब’ दुर्बिणी नुसत्या बिनजुळवलेल्या असतात. उजवी बाजू झाकून लांबची पाटी डाव्या डोळ्याने बघा आणि मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीचा आकडा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेपर्यंत आणायची. पावसाळ्यात दमट कव्हरात बंद ठेवली की काचांना बुरशी येते आणि ती पुसून जात नाही. आधी वाऱ्यावर कोरडी करा, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

दुर्बिणीने न सुटणारी एक गोष्ट म्हणजे तळपतं पाणी. ऊन चढलं की हवा थरथरते आणि लांबचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. महाग टेलिस्कोपही तेव्हा कामाचा नाही. चिखलपक्षी उन्हाळ्यात नऊच्या आत उरकायचे. कॅमेरा मात्र पुढच्या वर्षी घ्या. तुताऱ्यांची खात्री करायला फोटो खरंच मदत करतो, पण पहिल्या वर्षी हातात कॅमेरा असला की पक्षी दोन सेकंद बघितला जातो आणि पडदा दोन मिनिटं.

९४ बद्दल शेवटी. तलावावर वर्षभराच्या पस्तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की आकडा आपोआप हलेल, कारण ज्यांना आज ‘तपकिरी वटवट्या’ म्हणून सोडून देता त्यांच्यातच चार-पाच जाती आहेत. त्या कानाने सुटतात. झाडाच्या शेंड्यात ‘ची-स्वी’ म्हणणारा हिरवट वटवट्या, झुडपाच्या पोटात ‘चेक... चेक’ करत दिसता न दिसणारा ब्लिथचा बोरू वटवट्या. मधली ठरलेली निमित्तं घ्या: ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह (एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालीम अलींचा), जानेवारीतली पाणपक्षी गणना, फेब्रुवारीतली चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. पाणपक्षी गणनेत जुन्या जाणत्यांच्या शेजारी उभं राहून एक सकाळ मोजलं तर तुताऱ्यांचा गुंता झपाट्याने सुटतो.

सुरुवात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करा. सांडव्याखाली जे गढूळ डबकं साचतं त्याच्या कडेला, बांधाआड उभं राहून बघा. एकटीच, काळपट, मागचं अंग हलवत काही टिपत असेल तर भुवई डोळ्यापाशी थांबते का ते तपासा आणि तारीख लिहून ठेवा.